गळती क्रमांक चौदा

तीर्थस्वरूप वन्संना तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून हे रीत म्हणून लिहिलं. गुडघे हल्ली वाकायला तयार नाहीत, तेव्हा नमस्कार उभ्यानेच केलाय असं धरा आणि आशीर्वादात कपात करू नका.) तुमची प्रकृती कशी आहे? कानाचं यंत्र वापरायला लागलात, की ते अजून डबीतच झोपलंय? परवाच्या रविवारी फोनवर मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, दोन किलो घेतले, चांगले निघाले. त्यावरून यंत्र डबीत आहे हे मी ओळखलं. म्हणून फोनचा नाद सोडला आणि पत्र लिहायला घेतलं. पत्रात एक बरं असतं, ओरडावं लागत नाही आणि शेजारपाजारी आपल्या घरातली खबर जात नाही. (तशी आमच्या शेजाऱ्यांना कळायची काही खबर उरलेली नाही. ते पुढे येईलच.)

आम्ही इकडे खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी, तुमचे बंधुराज आणि एक उंदीर. उंदराचं सांगायचं तर आधी बंधुराजांचं सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर पार वसंत ऋतूपासून सुरुवात करावी लागेल, तेव्हा तुम्ही जरा टेकून बसा. चष्मा घेतलाय ना?

तुम्ही यांच्या थोरल्या बहीण, यांची नोकरी मी तुम्हाला काय सांगणार. पण मला अजून आठवतं, आमचं ठरत होतं तेव्हा माझ्या मावशीने विचारलं, मुलगा करतो काय, आणि तुम्ही मान ताठ करून म्हणालात, गळती शोधतो. मावशीने लगेच आमच्या छपराचा विषय काढला होता. तर चौतीस वर्षं यांनी पाणीखात्यात तेच केलं. ती काळ्या लाकडाची लांब काठी, तिचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे, आणि जमिनीखाली चार हातांवर पाइप नेमका कुठे गळतोय ते सांगायचं. हे खडूने गोल काढायचे, खोदणारे तिथे खोदायचे आणि पाणी तिथेच लागायचं. अख्ख्या खात्यात यांच्या कानाला तोड नव्हती. (त्याच कानाला जेवायची हाक लग्नानंतर एकदाही पहिल्या फटक्यात ऐकू आलेली नाही. पण मी पडले बायको, पाइप थोडीच आहे!)

वसंतात हे निवृत्त झाले. खात्याने एक मशीन आणलं, ते स्वतःच ऐकतं आणि स्वतःच आकडा दाखवतं. यांना भिंतीवरचं एक घड्याळ दिलं, चार लोक चार शब्द बोलले, आणि हे घरी आले. काठी दाराआड उभी केली, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, आणि बसले ते बसलेच. सुरुवातीला मला वाटलं, दमलेत, बसू दे. मग वाटलं, उन्हाळा आहे. मग उन्हाळाही गेला. चहा दिला की चहा घ्यायचे, पेपर दिला की पेपर धरायचे. (वाचत होते की नाही देव जाणे. एकदा मी मुद्दाम आदल्या दिवशीचा दिला, तोही तितकाच मन लावून धरला.) एक दिवस मी यांचे शब्द मोजले. सकाळपासून झोपेपर्यंत अकरा भरले, आणि त्यातले चार नुसते हं होते. डॉक्टरांना दाखवलं. रक्त चांगलं, छाती चांगली, सगळं चांगलं. तुम्ही तेव्हा लिहिलंत, दोघं माझ्याकडे महिनाभर येऊन राहा, हवापालट होईल. मी पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, तिथे जाऊन मी करू काय? त्या दिवशीच्या हिशेबात ते पाच शब्द मी आनंदाने धरले होते, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मला भीती वाटायला लागली होती, वन्सं. आता स्पष्टच लिहिते. माणूस समोर खुर्चीत बसलेला आणि घर मात्र रिकामं, असं व्हायला लागलं होतं.

आणि मग पानगळ सुरू झाली. दारापुढचं झाड पिवळं पडलं, सकाळी खिडकीच्या काचेवर धुकं धरायला लागलं, आणि रस्त्यावरच्या झाडून सगळ्या जीवजंतूंना एकदम आमच्या घराची आठवण झाली. पाहुणे निदान कळवून तरी येतात. (तुम्ही न कळवता आलात तरी चालतं, ते वेगळं.) न्हाणीघरात कोळी आला, हाताच्या पंजाएवढा, आणि टॉवेलवर असा पसरून बसला की मीच त्याची माफी मागून बाहेर आले. खिडकीच्या चौकटीत ठिपक्याठिपक्यांचे लाल किडे गोळा झाले, चांगले शंभरभर, सगळे उन्हाकडे तोंड करून. मुंग्यांनी साखरेचा डबा हेरला. आणि एका मंगळवारी सकाळी नवाकोरा साबण बघते तर त्याचा एक कोपरा कुणीतरी चाखलेला.

दुपारी तो चाखणारा स्वतः समोर आला. पिठाच्या डब्यामागून निघाला, जमिनीच्या मधोमध थांबला, मिशा हलवल्या. मी किंचाळले आणि मिळेल त्या खुर्चीवर चढले. आता घडलं असं की मिळेल ती खुर्ची यांची होती आणि तिच्यात हे बसलेले होते. पुढचं या वयात लिहायला बरं दिसत नाही, पण थोडक्यात, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी भरदुपारी यांच्या मांडीवर उभी होते आणि यांच्या डोक्याला घट्ट धरून होते. यांनी माझ्या कोपराखालून मान बाहेर काढली आणि बोलले. कुठे गेला, असं सगळं जग विचारतं. यांनी विचारलं, "कुठून आला?"

मला खाली उतरवलं, उठले, आणि दाराआडची काठी घेतली. सहा महिन्यांची धूळ फडक्यानं पुसतात तशी सदऱ्यानं पुसली (सदरा मी सकाळीच इस्त्री केलेला), एक टोक भिंतीला लावलं, एक कानाला, आणि डोळे मिटले. मी तशीच उभी, पोळलेलं बोट धरून ठेवल्यासारखी. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाले, घरात गळती आहे. मी म्हटलं, अहो, उंदीर आहे. तर म्हणाले, तेच ते, फक्त ही आतल्या दिशेची गळती आहे. तेव्हापासून आमच्या घरात उंदीर, मुंगी, कोळी असं काही उरलं नाही, सगळी गळती. भोक म्हणायचं नाही, फट म्हणायचं नाही. गळती क्रमांक एक, गळती क्रमांक दोन. एक वही केली. भिंतींवर खडूचे गोल निघाले आणि गोलात आकडे. कोणी परकं माणूस आलं तर त्याला वाटेल की घर पाडायला काढलंय.

आता फट केवढी असली की उंदीर शिरतो, हा प्रश्न निघाला. यांना कुठेतरी वाचलेलं आठवलं की जिथून पेन्सिल आत जाते तिथून उंदराचं पिल्लू जातं. झालं. हे घरभर पेन्सिल घेऊन रांगायला लागले. प्रत्येक फटीत पेन्सिल घालून बघायची, गेली की वहीत लिहायचं. वहीत लिहायला पेन्सिल लागते, ती फटीत, म्हणून दुसरी पेन्सिल. दोन दिवसांत सहा पेन्सिली भिंतीत गेल्या त्या आल्याच नाहीत. सातवी माझी होती, लाल-निळी, जिने मी तुमच्या पत्त्याखाली रेघ मारायचे. तीही क्रमांक नऊमध्ये गडप. आता आतल्या मंडळींकडे खायला साबण आणि लिहायला सामान, दोन्ही आहे. त्यांचं पत्र आधी आलं तर नवल वाटून घेऊ नका.

फटी भरायला यांनी माझ्या तारेच्या घासण्या नेल्या. उंदीर म्हणे तार कुरतडत नाही. आधी जुन्या नेल्या, मग नव्या, मग चालू कढईवर फिरत असलेली माझ्या हातातून नेली. चार दिवस भांडी कशानं घासली ते माझं मला माहीत. पण मी तोंडातून ब्र काढला नाही, वन्सं, कारण त्या संध्याकाळी हे घासणी मागायला स्वयंपाकघरात तीनदा आले होते. तीनदा! खुर्ची रिकामी बघून मला इतकं बरं वाटलं की मी कढई तशीच सोडून दोन मिनिटं ओट्याला टेकून उभी राहिले.

यानंतर दातवाल्या डॉक्टरांचा प्रवेश. हे आमचे शेजारी, तुम्ही गेल्या खेपेला जिन्यात त्यांना भेटलात आणि त्यांनी नमस्काराच्या आधी तुमचे दात बघितले, तेच. एकटेच असतात, दवाखाना गेल्या वर्षी बंद केला. तर एका दुपारी यांनी सामाईक भिंतीला काठी लावली आणि चेहरा गंभीर झाला. म्हणाले, मोठं काम आहे, भिंतीच्या आत कोणीतरी सलग कुरतडतंय, दमदार जबडा आहे, मांजराएवढा तरी असेल. मला काठी दिली. मीही ऐकलं. करर, करर, थोडं थांबून पुन्हा करर. हे तडक शेजारी गेले, सावध करायला. दार बराच वेळ वाजवलं. शेवटी डॉक्टर डोळे चोळत आले, आणि ते आल्याबरोबर कुरतडणं बंद झालं. ते भिंतीला पलंग लावून झोपतात आणि झोपेत दात खातात! चाळीस वर्षं लोकांना, झोपेत दात खाऊ नका, असं सांगून फी घेतलेला माणूस! यांनी ते त्यांच्या तोंडावर सांगितलं. मला वाटलं आता बोलणं तुटणार. पण डॉक्टर इतके हसले, इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली.

आणि तिथून माझे हाल सुरू झाले. डॉक्टरांच्या कपाटात दातात भरायचं सिमेंट उरलेलं होतं, डबेच्या डबे. ते म्हणाले, तार ठीक आहे, पण वरून भरलं पाहिजे, आणि भरायच्या आधी किडलेला भाग पूर्ण खरवडला पाहिजे. त्यामुळे जिथे पेन्सिल जात होती तिथे खरवडून झाल्यावर माझं लाटणं जाऊ लागलं. दोघं भिंतीपुढे चटई टाकून आडवे, एक जण छोटा आरसा धरतोय, दुसरा आत फुंकर मारतोय, आणि मी विजेरी धरून उभी. डॉक्टर सवयीनं भिंतीला विचारतात, दुखतंय का? शेवटी प्रत्येक भरलेल्या फटीवर लवंगेच्या तेलाचा बोळा फिरवायचा, उंदराला तो वास सोसत नाही म्हणे. सोसत आम्हालाही नाही, पण आम्ही जाणार कुठे? घराला दवाखान्याचा वास येतो. पोस्टमन परवा सहीला आला आणि दारातच त्यानं नकळत गालावर हात ठेवला.

क्रमांक एकचं तर काय सांगू. क्रमांक एक म्हणजे पुढच्या दाराखालची फट. मी बाजारात गेले होते तेवढ्या वेळात दोघांनी दाराच्या तळाला रबराची पट्टी बसवली. इतकी घट्ट बसवली की मुंगीचा श्वास जाणार नाही. मी पिशवी घेऊन आले, दार ढकलते तर ढिम्म. आतून दोघं ओढतायत, बाहेरून मी ढकलतेय, आणि दार मधल्या मध्ये सुखात उभं. अर्धा तास हा खेळ चालला. हे आतून म्हणाले, बघ, एक थेंब गळणार नाही आता! मी बाहेरून जे म्हणाले ते सुदैवाने रबरामुळे आत पोचलं नाही. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी बटाटे आत गेले, मग अंडी, मग मी. (त्या वेळी गुडघे कसे वाकले ते विचारू नका.) डॉक्टरांना घरी जायचं होतं, ते त्याच वाटेनं बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी पट्टी कानशीनं घासून कमी केली, तरी अजून दार उघडायचं झालं की मला खांदा द्यावा लागतो.

असो. तर पंधरवड्यात घरातल्या एकोणीस गळत्या बंद झाल्या. म्हणजे अठरा झाल्या. राहिली ती क्रमांक चौदा. स्वयंपाकघरात सिंकखाली जिथून सांडपाण्याचा पाइप भिंतीतून बाहेर जातो, त्या पाइपाभोवतीची फट. यांचं म्हणणं, पाइपाभोवती सिमेंट चालत नाही, पाइप हलतो, सिमेंट तडकतं, तिथे नुसता तारेचा बोळाच हवा. तर हे रोज सकाळी चौदामध्ये बोळा ठोकून बसवतात आणि रोज संध्याकाळी तो बोळा खाली पडलेला! एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आज अठरावा दिवस. उंदीर त्यानंतर कुणाला दिसलेला नाही, साबण शाबूत, पीठ शाबूत, पण बोळा खाली. हे पार चक्रावून गेलेत. आधी म्हणाले, बाहेरचा उंदीर ढकलतो. मग म्हणाले, थंडीनं पाइप आकसतो. मग पाइपात दाब तयार होतो म्हणून एक आकृती काढली, ती जेवणाच्या टेबलावर असते, तिच्यावर ताट ठेवायची बंदी आहे. डॉक्टरांचं मत, त्या बाजूनं चावणं बंद करा. मी काय सांगणार, मला यातलं काय कळतंय?

पण वन्सं, तुम्ही आता यांना बघायला हवं. संध्याकाळी बोळा हातात घेऊन येतात, समोर ठेवतात, आणि सुरू होतात. एका शाळेखालची गळती अकरा दिवस कशी हुलकावणी देत होती, आणि बाराव्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरांच्या कल्ल्यात ती यांना कशी ऐकू आली. एकदा गळती समजून जिथे गोल काढला तिथे खालच्या तळघरात एक आजोबा घोरत कसे निघाले. इतक्या वर्षांच्या संसारात यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. काल तर सांगता सांगता हसू आलं आणि चहा नाकात गेला. मी पाठ थोपटत होते आणि माझेच डोळे भरून आले होते, म्हटलं, चहाचा ठसका मलाही लागला. परवा पुन्हा शब्द मोजायला बसले होते. दुपारच्या आत तीनशेवर गेले, मग मी नाद सोडला.

आता थांबते. पत्र लांबलं, पण तुम्हाला वाचायला वेळ आहे आणि मला सांगायला दुसरं माणूस नाही. थंडीचं जपा, यंत्र डबीतून काढा, उभ्यानं केलेल्या नमस्काराचा राग मानू नका.

तुमची
भावजय

ता. क. तुमच्याकडे तो निळ्या स्वेटरचा नमुना असेल तर पाठवा. आणि आठ नंबरची विणायची लोखंडी सुई जादाची असेल तर तीही पाठवा. माझी एक वाकली आहे.

ता. क. दुसरा. वन्सं, सुई विणताना वाकलेली नाही. ज्या दिवशी यांनी शेवटची गळती बुजवली, त्या दिवशी दुपारी हे झोपलेले असताना मला उंदीर दिसला. चुलीजवळ बसला होता. सगळ्या फटी बंद, आणि तो आत! भिंतीला लागून एकेका भरलेल्या जागी जाऊन नाक लावत होता आणि परत येत होता. मला त्याची भीती वाटेना, कीवच आली. मी सिंकखाली बसले, सुई घालून चौदाचा बोळा ओढला आणि लांब उभी राहिले. तो गेला. दिवाणखान्यातून यांची उठायची चाहूल लागली, बोळा परत बसवायचा राहिला. संध्याकाळी यांना तो सापडला आणि यांचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की माझ्यानं खरं सांगवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी बोळा बसवला, आणि दुपारी साडेतीनला हे झोपल्यावर मी तो पुन्हा काढला. तेव्हापासून रोज काढते. तुम्हाला नमस्कार करायला न वाकणारे गुडघे तिथे बरोबर वाकतात, त्याबद्दल क्षमा असावी.

पण हे किती दिवस चालणार? थंडी वाढली की किडामुंगी बाहेरच गारठेल, हे वही मिटतील, आणि ती खुर्ची आहेच खिडकीपाशी. रविवारचंच बघा. तुमच्याशी बोलायला यांच्या हातात फोन दिला, तर एक अक्षर बोलले नाहीत. डोळे मिटून नुसते कानाला लावून उभे, चांगली दोन मिनिटं, तुम्ही तिकडे एकट्याच बोलत होतात. मग फोन ठेवून दिला आणि रात्रीपर्यंत गप्प. म्हणजे पुन्हा तेच सुरू होणार. तेव्हा माझं खरं मागणं हे आहे. तुमच्याकडे उंदीर झालेत असं यांना लिहा. नसले तरी लिहा. हवापालटाला या म्हटलं तर हे येणार नाहीत, पण घरात गळती आहे म्हटलं तर हे काठी घेऊन चालत येतील. एवढं खोटं माझ्यासाठी बोला. मला ती खुर्ची भरलेली पुन्हा बघायची नाही.

ता. क. तिसरा. ताई, हे मी लिहितोय. पत्र पेटीत टाकायला तिनं माझ्याकडे दिलं. पाकिटाच्या एका कोपऱ्याला फट राहिली होती. पेन्सिल घालून पाहिली, गेली. मग वाचलं. शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर शेजारी डॉक्टरांच्या टेबलाशी बसून लिहितो आहे.

उंदीर आहेत असं लिहू नकोस, गरज नाही. रविवारी फोनवर तुझ्या आवाजामागे पाणी ठिबकताना ऐकलं. दर चार सेकंदाला एक थेंब, भिंतीच्या आत, तुझ्या स्वयंपाकघराच्या बाजूला. तुला यंत्राशिवाय ऐकू येणार नाही. सिंकच्या डावीकडे भिंतीला हात लावून बघ, ओल लागेल. खात्री व्हावी म्हणून रात्रीपर्यंत आकडेमोड करत होतो, तेवढ्यात हिनं भलताच अर्थ काढला. गुरुवारी काठी घेऊन येतो. दोघंही येतो. महिनाभर राहू, कारण आधी भिंतीतला जुना भराव खरवडून काढावा लागेल.

चौदाचं म्हणशील तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. लोखंडी सुई विटेला घासली की आवाज लपत नाही, आणि मी झोपतो तिथवर तीच भिंत येते. ती चोरपावलांनी येते, खाली बसताना हळूच आई गं म्हणते, काम झालं की माझ्या अंगावर पांघरूण सारखं करून जाते. मी विचारलं असतं तर तिला हे बंद करावं लागलं असतं. पाइपाभोवती सिमेंट चालत नाही असं मी तिला आणि डॉक्टरांना सांगितलं, ते खरं नाही. उत्तम चालतं. बोळाही ठोकून बसवत नाही, आवाज तेवढा करतो, बसवतो सैलच. तिचे गुडघे दुखतात.

सुई पाठवशील ती लाकडी पाठव, म्हणजे आपला आवाज होत नाही असं तिला वाटेल. यातलं काही तिला कळवू नकोस. साडेतीन वाजत आले. आता घरी जाऊन मला झोपलं पाहिजे.